टी पेशीने चरबी ओळखली तो दिवस

मी बॉस्टनला पोस्टडॉक करते, काम टीबीच्या जंतूवर, म्हणजे खरंतर त्याच्या अंगावरच्या मेणचट थरावर. आपण सगळे शिकलो की टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, प्रोटीनचे तुकडे ओळखतात आणि ते तुकडे एचएलए नावाचा पेशीवरचा रेणू धरून दाखवतो, पण 1994 साली याच शहरातल्या लोकांनी दाखवलं की टीबीचं मायकोलिक ॲसिड, म्हणजे चक्क चरबी, तीही टी पेशी ओळखतात, आणि ती धरून दाखवणारा रेणू सीडी1बी. त्याच्या आत बोगदे असतात, लिपिडच्या, म्हणजे या चरबीच्या, लांब शेपट्या त्यात शिरतात आणि डोकं तेवढं बाहेर राहतं. आमच्या लिपिडचं डोकं ग्लुकोजचं. त्याजागी मॅनोज ही दुसरी साखर लावली तर त्याच पेशी ढुंकूनही बघत नाहीत! इतकी बारीक नजर.

उंदरांत सीडी1बी नसतोच, त्यामुळे माणसाच्या रक्ताला पर्याय नाही, आणि एकेक सॅम्पल किती जपून वापरावं लागतं ते विचारू नका.

तीन आठवडे माझ्या टेट्रामरला, म्हणजे लिपिड भरलेले चार सीडी1बी एकत्र जोडून त्यांना चमकणारा रंग लावलेल्या गळाला, एकही पेशी चिकटत नव्हती. म्हणजे ज्या पेशी चिकटायलाच हव्यात त्याही नाही. प्रोटीन तपासलं, रंग तपासला, लेझर तपासला, सगळं ठीक. मग त्या दिवशी सकाळी रिकामी झालेली प्लास्टिकची ट्यूब उजेडात धरली तर भिंतीवर पुसट धुरकट थर. लिपिड तिथेच बसलेलं! तुपाची वाटी गार पाण्याने धुतली की तूप जसं वाटीलाच राहतं ना, अगदी तसं. मी इतके दिवस नुसतं बफर, म्हणजे पीएच सांभाळणारं खारट पाणी, ओतत होते.

मग सगळं काचेत केलं. क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमधून काढून नायट्रोजनखाली सुकवलं, आम्लधर्मी बफर आणि डिटर्जंट घालून सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात, इतका वेळ धरलं की पाणी दुधट झालं, मग सीडी1बीसोबत रात्रभर 37 डिग्रीला. पेशीच्या आतसुद्धा हे लिपिड सीडी1बीत बसतं ते आंबट पीएचच्या कप्प्यातच, म्हणून ते बफर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीनवर बसले, त्यात लेझरखालून जाणारी प्रत्येक पेशी स्क्रीनवर एक ठिपका होते आणि रंग चिकटलेल्या पेशी उजवीकडच्या चौकटीत पडतात. आधी लिपिड न भरलेला टेट्रामर, उजवीकडची चौकट कोरी. मग लिपिडवाला, आणि त्याच कोऱ्या जागेत एकेक ठिपका पडायला लागला, पडत राहिला, छोटासा पण वेगळा उठून दिसणारा पुंजका झाला. माझे हात थरथरत होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीला हाक मारली, ती ग्लोव्ह्ज तसेच घालून धावत आली, दोघी काही न बोलता स्क्रीनकडे बघत राहिलो.

मग मी दुसरं सॅम्पल वितळवायला काढलं.