आधी 'परिणाम' खोडा

"तुम्ही तर समाजशास्त्राच्या. मग पीएच.डी.च्या मुलांना डिजिटल काय शिकवता? एक्सेल?" हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत झाला, बँकेच्या रांगेत झाला, शेजारच्या काकूंचा तर दर दिवाळीला असतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

एक्सेल नाही. ते त्यांना माझ्यापेक्षा बरं येतं.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की आधी कोर्सवर्क करावं लागतं. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिटचं. त्यातला एक लहानसा पेपर माझ्याकडे आहे, डिजिटायझेशन आणि समाज. वर्गात दहा-बारा जण. कुणी कॉम्प्युटर सायन्सचं, कुणी समाजकार्याचं, कुणी अर्थशास्त्राचं, आणि एखादा चुकून आल्यासारखा बसलेला मराठीचा. बहुतेक जण विषय ठरवूनच येतात आणि तो साधारण असा असतो : 'अमुक ॲपचा तमुक तालुक्यातील शेतकऱ्यांवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास'. पहिल्या तासाला मी तो फळ्यावर लिहिते आणि 'परिणाम' खोडते. 'चिकित्सक'ही खोडावंसं वाटतं, पण गाईड दुखावतात.

परिणाम म्हटलं की तंत्रज्ञान पावसासारखं वरून पडतं, समाज खाली मुकाट भिजतो आणि आपण पर्जन्यमापक घेऊन मिलिमीटर मोजायचे, असं चित्र आपोआप उभं राहतं. ते मोडायला मी त्यांना वारणेला नेते, म्हणजे कागदावर.

वारणानगर मुलांना दुधा-श्रीखंडामुळे माहीत असतं. तिथे १९९८ साली, गावोगावी इंटरनेट पोचायच्या कितीतरी आधी, केंद्र सरकारने सहकारी संस्थांना हाताशी धरून कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प सुरू केला. पिकांची माहिती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सगळं मराठीतून मिळणार होतं. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर केंद्रांवर चाललं होतं ते मुख्यतः उसाचं काम. तोड कधी, वजन किती भरलं, खताची उचल किती झाली. पुढे सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. संगणकावर होणारं सगळं काम त्यावर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडलं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे प्रकल्प फसला." फसला कसा? संगणक आला तेव्हा गावात साखर कारखाना होता, सभासद होते, टनेज आणि उचलीचा हिशोब होता. त्या हिशोबाने संगणकाला कामाला लावलं. फसला असेल तर बाजारभाव आणि आरोग्याचा तक्ता आखणाऱ्यांचा अंदाज. आता सांगा, परिणाम कुणाचा कुणावर?

मग ई-पीक पाहणी. पूर्वी शेतात काय उभं आहे त्याची नोंद गाव नमुना १२वर तलाठी करायचा. (त्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय; गावाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.) १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून ॲपमधून फोटो काढायचा. कॉम्प्युटर सायन्सचा मुलगा खूश : मधला माणूस गेला! मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "आमच्या भावकीतली सगळी पाहणी चुलतभाऊच करतो. स्मार्टफोन त्याच्याकडेच आहे. गेल्या वर्षी बांधावरून त्याच्याशी बोलणं तुटलं, तर आमचं सोयाबीन कागदावर उगवलंच नाही." त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलं नाही. तलाठ्याची तक्रार तहसीलदाराकडे करता येते. चुलतभावाची कुणाकडे करायची?

कायद्याचा भाग मी भराभर उरकते. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१०ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पुढच्या वर्षी आधार घटनेत बसतं का, यावरचा निकाल. हे त्यांना घरीही वाचता येतं.

रेंगाळते ती संमतीपाशी, म्हणजे ज्यांच्यावर अभ्यास करायचा त्यांच्या होकारापाशी. एकाने विचारलं, "मॅडम, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी आधीपासूनच आहे. तिथले मेसेज वापरले तर काय बिघडलं?" यावर दोन तास गेले. ग्रुपवर तो कुणाचा तरी पुतण्या म्हणून आहे, संशोधक म्हणून नाही. पण आता सांगितलं तर माणसं बोलायची थांबतील. आणि संमती कुणाची घ्यायची, ॲडमिनची? ग्रुपमध्ये दोनशे जण, त्यांतल्या कितीतरी बायकांचा फोन घरातलाच दुसरा कुणीतरी चालवतो. वर्गात एकमत झालं नाही. माझंही अजून नक्की होत नाही, पण न सांगता वापरायचं नाही एवढं मी त्याला बजावलं.

परीक्षेऐवजी एकच काम देते. महा ई-सेवा केंद्रात चार तास बसायचं. प्रश्नावली नाही, रेकॉर्डिंग नाही. केंद्रचालकाला आपण कोण ते सांगायचं, आणि आलेल्या माणसांची नावं-नंबर लिहायचे नाहीत. बहुतेक जण रांगेची लांबी आणि सर्व्हर डाऊन असल्याचं लिहून आणतात. यंदा एकीने दोन पानं आणली, दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीवर. माणसं पिशवी कशी छातीशी धरून येतात, कागद कोणत्या क्रमाने बाहेर निघतात, लॅमिनेट केलेलं कोणतं आणि घडीवर फाटलेलं कोणतं, पासवर्ड रेशनकार्डाच्या मागे कुणाच्या अक्षरात लिहिलेला असतो, आणि आजी तो चालकाला वाचायला देताना दुसरीकडे का बघते.

तिने आता विषय बदललाय. तिचे गाईड माझ्याशी जेमतेम बोलतात.