लिनक्स टाकताना जुने विनोद कामी आले

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा माझा लॅपटॉप ठणठणीत होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. माझा सातव्या पिढीचा. या अटींमागे सुरक्षेची खरी कारणं आहेत, हे मला मान्य आहे. पण कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या सगळं शाबूत असलेलं यंत्र मोडीत काढायला मन तयार होईना. म्हणून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं.

कॉम्प्युटरवाल्यांचे विनोद मी कितीतरी वर्षं ऐकत आले आहे. पण हे काम करताना ते एकामागून एक प्रत्यक्ष समोर आले आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला. मॅन्युअलमध्ये काय करायचं ते लिहिलेलं असतं. कुठे घात होतो ते विनोद सांगतात, आणि ते सहसा अशा माणसाने रचलेले असतात ज्याचा तिथेच घात झालेला असतो.

सुरुवात अर्थातच बॅकअपपासून. "जगात दोन प्रकारचे लोक असतात. एक बॅकअप घेणारे, आणि दुसरे ज्यांची डिस्क अजून गेलेली नाही." हा सगळ्यांना पाठ असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा: कुठल्याही बॅकअपची अवस्था तो परत उघडून पाहीपर्यंत ठरत नाही, तोवर तो एकाच वेळी चांगलाही असतो आणि खराबही. म्हणून फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून मी थांबले नाही. ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली आणि मधलेच कुठले तरी फोटो, एक जुनी स्प्रेडशीट, एक भलामोठा व्हिडिओ उघडून पाहिला. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड वेगळे काढून घेतले, कारण ते 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसतात, लपवलेल्या फोल्डरमध्ये कुठे तरी खोल असतात आणि नेमके तेच मागे राहतात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा ३-२-१ चा नियम मी आता मनापासून पाळते.

मग पाठचं झाकण उघडलं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो आतल्या बोर्डाला भिडू शकतो. त्यासाठी कोऱ्या कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. बॅटरीची पिन आधी काढली. रॅमचा एक खण रिकामाच होता. लॅपटॉपची रॅम तिरकी सरकवायची असते, सोनेरी दाते दिसेनासे होईपर्यंत आत ढकलायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' करून बसल्या की झालं. चुकीच्या पिढीची रॅम बसतच नाही, कारण मधली खाच प्रत्येक पिढीत वेगळ्या जागी असते. ही खाच मला हार्डवेअरमधली फार सुंदर गोष्ट वाटते. चूक करूच न देणारी रचना एवढ्या साध्या उपायाने साधलेली आहे.

आत ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी हार्ड डिस्क होती, ती काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क बसवली. "कॉम्प्युटर म्हातारा झालाय" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात त्या बहुतेक यंत्रांचं दुखणं या डिस्कमध्ये असतं, असं माझं ठाम मत आहे. हिशेब साधा आहे. ५४०० आरपीएम म्हणजे एका फेरीला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड त्या ट्रॅकवर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे इथेतिथे विखुरलेला डेटा वाचायचा तर ते सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वेळा जमतं. साटा या जुन्या जोडणीवरची साधी एसएसडी हेच काम सेकंदाला हजारो वेळा करते. प्रोसेसर बिचारा इतकी वर्षं वाट बघत बसलेला असतो.

नव्या एसएसडीवर ५०० जीबी छापलेलं होतं. पुढे एका कमांडने ती ४६५ दाखवली आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने ५००. "साध्या माणसाला वाटतं किलोबाइट म्हणजे १००० बाइट, आणि प्रोग्रॅमरला वाटतं किलोमीटर म्हणजे १०२४ मीटर." हा विनोद माहीत असल्यामुळे मला शंकाही आली नाही. डिस्कवाले १००० च्या पटीत मोजतात, बरेच प्रोग्रॅम १०२४ च्या. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४ च्या मोजणीसाठी किबीबाइट, मेबीबाइट अशी वेगळी नावं ठरवून दिली, पण बोलण्यात ती अजून रुळलेली नाहीत. रुळायला हवीत.

कुठलं लिनक्स घ्यायचं यावर लोक वाटेल तितके वाद घालतात. मी डेबियन १३ घेतलं, एक्सएफसीई डेस्कटॉपसह, कारण मला स्थिर आणि हलकं हवं होतं. आर्च हा लिनक्सचाच आणखी एक प्रकार, आणि आर्चवाल्यांवरचा विनोद प्रसिद्ध आहे: समोरचा आर्च वापरतो हे कसं ओळखायचं? ओळखावं लागत नाही, तो स्वतःच सांगतो. मला मात्र त्या मंडळींचा अभिमान रास्त वाटतो. सगळं हाताने जुळवायची सवय असल्याने ते बारकाईने लिहून ठेवतात, आणि माझ्या डेबियनवरच्या निम्म्या अडचणींची उत्तरं मला आर्चच्या विकीवर मिळाली.

डाउनलोड झालेली फाइल धड उतरली आहे ना हे पाहायला तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून पाहिली. ६४ अक्षरांची ती ओळ असते. मूळ फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी सगळी ओळच बदलते, म्हणून पहिली-शेवटची चार अक्षरं बघून सोडून न देता ती कमांडकडूनच तपासून घ्यावी. मग इन्स्टॉलसाठी लागणारा पेन ड्राइव्ह. दुसऱ्या एका लिनक्स मशीनवर 'डीडी' या कमांडने तो तयार केला. डीडीला लोक 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणतात. ती काही विचारत नाही, सांगाल त्या डिस्कवर लिहायला लागते, आणि 'एसडीए' व 'एसडीबी' या डिस्कच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. ते नाव डोक्यात घुमत होतं म्हणून पेन ड्राइव्ह लावण्याआधी आणि लावल्यानंतर डिस्कची यादी काढली, आकार बघितला, कमांड लिहून झाल्यावर पुन्हा वाचली आणि मगच एंटर दाबलं. एका शब्दाच्या विनोदाने इतकी खबरदारी शिकवावी, हे मला फार भावतं.

पेन ड्राइव्ह आधी उलटा, मग सुलटा, मग परत उलटा करूनच आत जातो, हाही ठरलेला विनोद. यूएसबीच्या मूळ रचनेचं नेतृत्व करणारे इंटेलचे अजय भट्ट यांनी नंतर सांगितलं आहे की दोन्ही बाजूंनी बसणारा कनेक्टर तेव्हाही विचारात होता, पण त्यासाठी दुप्पट तारा आणि जास्त सर्किट लागले असते. यूएसबी स्वस्तात सगळीकडे पोहोचणं जास्त गरजेचं होतं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. कनेक्टर महाग असता तर कदाचित कुणी घेतलाच नसता. दोन्ही बाजूंनी बसणारा यूएसबी-सी यायला मात्र २०१४ उजाडलं.

इन्स्टॉल करणं हा सगळ्यात सोपा भाग. आधी लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे डिस्कवर न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून, सगळं चालवून बघितलं. टचपॅड, आवाज, ब्राइटनेस चाललं. वाय-फाय चाललं नाही. त्यामुळे पुढे काय वाढून ठेवलंय ते आधीच कळलं होतं.

वाय-फाय चिपच्या कंपनीने ड्रायव्हरचा स्रोत पूर्ण खुला केलेला नाही. ड्रायव्हर वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तो आपल्या कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) आपल्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे चालवता येईल अशा रूपात तयार होतो. इंटरनेट मिळवण्यासाठी इंटरनेट लागतं, या जुन्या तक्रारीवर फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरणं हा उत्तम तोडगा आहे. यूएसबी टेदरिंगला लिनक्समध्ये सहसा काहीही टाकावं लागत नाही. ड्रायव्हर आला, कंपाइल झाला, आणि लोड करताना एकच ओळ: "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस", म्हणजे किल्ली नाकारली. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त ओळखीच्या सहीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असताना सही नसलेलं किंवा अनोळखी सहीचं मॉड्यूल (इथे ड्रायव्हर) कर्नल आत घेत नाही. पुष्कळ ठिकाणी सल्ला मिळतो की सिक्युअर बूट बंद करून टाका. मला ते पटत नाही. डेबियन अशा मॉड्यूलवर सही करायला मशीनवरच एक किल्ली तयार करतं. ती फक्त ओळखीची करून द्यायची असते. कमांडने किल्ली नोंदवली, एक तात्पुरता पासवर्ड दिला. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो आणि काही सेकंदच थांबतो, तेवढ्यात कळ दाबून 'एनरोल' निवडायचं, तोच पासवर्ड टाकायचा. यावेळी ड्रायव्हर मुकाट्याने लोड झाला आणि आजूबाजूची नेटवर्कं दिसायला लागली.

तरीही कनेक्शन अडखळत होतं. पिंग, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येतं का ते पाहणारी कमांड, लावून ठेवलं तर मधूनमधून पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवत होती. इथे मला एका जुन्या विनोदातली कबुतरं आठवली. १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वेट्झमन यांनी आरएफसी ११४९ प्रसिद्ध केलं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका): इंटरनेटची पॅकेट पक्ष्यांच्या पायाला बांधून कशी पाठवावीत याचं रीतसर प्रमाणक. एप्रिल २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्स मंडळींनी ते खरोखर करून दाखवलं. पिंगची ९ पॅकेट पाठवली, ४ उत्तरं आली, एकेका उत्तराला पाऊण तासापेक्षा जास्त ते पावणेदोन तास लागले. हा माझा सगळ्यात आवडता विनोद आहे, कारण त्यात एक खरी गोष्ट सिद्ध झाली: आयपीला, म्हणजे इंटरनेटवर पॅकेट पोहोचवण्याच्या नियमांना, खालचं माध्यम तार आहे, रेडिओ आहे की कबुतर, याच्याशी देणंघेणं नाही. मीही तोच धागा धरला. राउटर, पत्ता, डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय) हे वरचे थर बाजूला ठेवले आणि सगळ्यात खाली, रेडिओकडे बघितलं. बॅटरी वाचवण्यासाठी चिप मधूनमधून डुलकी घेत होती.

ती डुलकी बंद करायची तर नेटवर्क मॅनेजर या जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या एका फाइलमध्ये एक आकडा लिहायचा. त्यात २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. हे अंदाजाने कुणालाही कळणार नाही, माहितीपुस्तिका वाचावीच लागते. सूचनेत फाइल 'व्हीआय' या जुन्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा असं लिहिलं होतं. व्हीआयमधून बाहेर कसं पडायचं यावरचे विनोद इतके आहेत की बाहेर पडण्याची रीत मला तो एडिटर वापरण्याच्या कितीतरी आधी पाठ होती: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर हाच प्रश्न २०१७ मध्ये दहा लाख वेळा पाहिला गेल्याचं त्यांनीच जाहीर केलं होतं. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय लिहिला तो एडीएम-३ए टर्मिनलवर. त्याच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, आणि एस्केप होती आज टॅब असते तिथे, करंगळीखाली. हे कळल्यावर त्या एडिटरमधलं काहीच मला विक्षिप्त वाटेनासं झालं. आकडा बदलला, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, पिंग सरळ चालू लागलं.

शेवटी देवनागरी. हे माझ्यासाठी शेवटचं काम असलं तरी ते जमलं नसतं तर बाकी सगळं व्यर्थ होतं. आयबस आणि एम१७एन ही भारतीय भाषांत टाइप करायला लागणारी सॉफ्टवेअर टाकली, मराठी इनस्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा निवडला आणि पहिलाच शब्द 'दुसऱ्या' लिहिला. शिफ्ट-जेने ऱ, डीने हलन्त, मग य, आणि अर्धा ऱ डोळ्याच्या पापणीसारखा नीट वळून बसला. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठरवली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे होतात. हे कुणीतरी जाणीवपूर्वक करून ठेवलंय, त्या माणसांचे मनापासून आभार. खिडक्या नसलेल्या, नुसत्या अक्षरांच्या काळ्या टेक्स्ट कन्सोलवर मात्र देवनागरी अजून धड दिसत नाही. तिथला फॉन्ट जास्तीत जास्त ५१२ आकारांचा आणि जोडाक्षरं जुळवणारं तिथे कुणी नाही. दाखवायचंच असेल तर खिडकीतलं टर्मिनल वापरावं.

एक गोष्ट राहिली आहे. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर चालत नाही. त्याची रीतसर नोंद करताना "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं उत्तर डोळ्यांपुढे ठेवलं आणि ते येऊच नये अशी तयारी केली: सेन्सरचा यूएसबी क्रमांक, कर्नलची आवृत्ती, कुठली कमांड दिली, काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि सगळा लॉग जसाच्या तसा. दुसऱ्याच दिवशी एका स्वयंसेवकाचा प्रतिसाद आला. हाच सेन्सर आणखी एकाकडे आहे, एक प्रायोगिक ड्रायव्हर तपासून सांगाल का, असं त्याने विचारलंय. बॅकअप ताजा आहे. आज रात्री तो ड्रायव्हर टाकून बघते.