जुन्या गाडीची बॅटरी: निवड आणि निगा

जुन्या गाडीसाठी बॅटरी निवडताना मी आकाराच्याही आधी व्होल्टेज आणि अर्थिंग (बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे ते) पाहतो, कारण १९५० च्या दशकापर्यंतच्या अनेक गाड्या ६ व्होल्टच्या होत्या आणि कित्येक ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीची बॅटरी काढताना ‘आधी ऋण टोक सोडवा’ हा प्रचलित सल्ला लागू पडत नाही. बॉडीला जोडलेली केबल, मग ती धन असली तरी, आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट सर्किट होत नाही.

माझ्या मते अशा गाड्यांच्या बॅटऱ्या वापराने कमी आणि उभ्या राहून जास्त खराब होतात. पूर्ण चार्ज झालेली, विसावलेली (काही तास चार्ज किंवा वापर न झालेली) १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, ती १२.४ च्या खाली बराच काळ राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक साचतात आणि क्षमता कायमची घटते. डायनॅमो (इंजिनवर चालणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) असलेल्या गाडीत इंजिन नुसते मंद चालू ठेवून ही तूट सहसा भरून निघत नाही. त्यासाठी योग्य व्होल्टेजचा स्वयंचलित चार्जरच लावावा.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, मात्र ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. सेलमधल्या द्रवाची पातळी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे.