पारंब्या, भाग ७: कागदाने पाणी प्यायलं

काल रात्री साडेअकराला पहिला सलग वॉश, म्हणजे पातळ जलरंगाचा एकसारखा थर, उतरला. हाफ इम्पिरियल आकाराच्या कागदावर, वरपासून खालपर्यंत, एकही ठिपका न पडता. गेले एकोणीस दिवस याच एका गोष्टीने छळलंय, त्यामुळे आज लिहिणार आहे ते बहुतेक त्याच्याबद्दलच.

मागच्या वेळी सांगितलं होतं की 'पारंब्या' मालिकेतली चोवीसपैकी सतरा चित्रं झाली आणि आता त्यातलं मुख्य चित्र घेतेय, 'टेकलेली पारंबी'. इथल्या, बडोद्याच्या कमाटीबागेतली स्केचेस तुम्ही पाहिलीच आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: वडाची लोंबती पारंबी हाताला दोरीसारखी लागते, तांबूस-तपकिरी, पण टोक फिकट, पिवळसर आणि ओलसर असतं. ते मातीला लागलं की पारंबी जाड व्हायला लागते आणि काही वर्षांत खोड होते. सासूबाई १९६८ मध्ये रत्नागिरीहून लग्न होऊन दांडिया बाजारात आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. आज सगळं घर त्यांच्यावर उभं आहे. हे चित्र त्यांचं आहे. चेहरा नाही, माणूस नाही, फक्त एक पारंबी जमिनीला लागतानाचा क्षण. त्यामुळे इथे तडजोड करायची नाही, हे आधीच ठरवलं होतं.

मागचा वॉश बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनचा, ओल्या कागदावर, सावलीतल्या गडद करड्याकडे झुकणारा. पहिला हात फिरवला आणि दोन मिनिटांत कागदावर गोवर उठल्यासारखे ठिपके आले. गडद, बारीक, कुठेही. जिथे ठिपका तिथे रंग आत गेलेला, ब्रशने उचलायला गेलं तर कागदाची लव उठते. दुसरा कागद घेतला, तेच. तिसरा घेतला, तेच.

आधी पाण्याला दोष दिला, मग रंगाला. कॅम्लिनची ट्यूब बदलून पाहिली, फिल्टरचं पाणी घेतलं. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी फिरवून कागद खिडकीशी तिरपा धरला. काही जागी पाणी वर चकाकत होतं आणि काही जागी कागद लगेच काळपट पडत होता. साइझिंग गेलं होतं. कागदाच्या तंतूंवरचा जो सरसाचा थर पाणी अडवून धरतो, तो जागोजागी मेला होता, आणि त्या जागी तीनशे जीएसएमचा महागडा कॉटन कागद टीपकागद झाला होता.

दमट हवेत कागद बराच काळ पडून राहिला की हे होतं. पण हा गठ्ठा मी जूनमध्येच घेतला होता, म्हणजे तो मुरला तो माझ्या कपाटात नाही. दुकानाचं नाव लिहीत नाही. पंचवीस कागद होते, बिल होतं, ठिपके दिसत होते. उत्तर मिळालं, "बेन, चोमासामां तो एवुं ज थाय." पावसाळ्यात असंच होतं, हे मलाही माहीत आहे. म्हणूनच पावसाळ्याआधी घेतला होता. मला फार वाईट वाटलं, कारण त्या दुकानातून मी अकरा वर्षं सामान घेतेय. यापुढे गठ्ठा घेताना एक कागद काउंटरवरच ओला करून बघणार, आणि तुम्हीही बघा.

नवीन आर्चेस, म्हणजे महागडा फ्रेंच जलरंग कागद, मागवावा असं एकदा वाटलं. तो जिलेटिनने साइझ केलेला असतो आणि लावलेला रंग ओल्या ब्रशने परत उचलायला त्याच्यासारखा कागद नाही. पण उरलेल्या सात चित्रांना तो घेतला तर फ्रेमिंगचे पैसे संपतात. मग म्हटलं, तो जिलेटिनने होतो तर आपणही जिलेटिन लावू.

इथे बडोद्याची खास अडचण आली. किराणावाल्याकडे जिलेटिन मागितलं तर त्याने दिलं 'व्हेज जिलेटिन'. ते मुळात चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळाचं अगार. मी नीट वाचलं नाही. गरम लावलं, ब्रश कागदाच्या मध्यावर पोचेपर्यंत ते थिजायला लागलं आणि सकाळी कागदावर पापुद्रा, नखाने ओढला तर निघतोय. आणखी दोन कागद गेले. खरं जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासूनचं, तेव्हा ते स्वयंपाकघरात आणायचं नाही हे मी स्वतःच ठरवलं. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, गॅलरीत इंडक्शनची शेगडी.

जे चाललं ते असं: पाव लिटर थंड पाण्यात सहा ग्रॅम जिलेटिन पंधरा मिनिटं फुगू द्यायचं. मग पातेलं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचं. उकळू द्यायचं नाही, उकळलं की त्याची ताकद जाते. हाके नावाच्या रुंद, मऊ ब्रशने कोमट असतानाच आडवा हात, वाळल्यावर उभा हात. मागच्या बाजूलाही एक, नाहीतर कागद होडीसारखा वळतो. रात्रभर पंख्याखाली. जुन्या कृतींमध्ये तुरटी घालतात, जिलेटिन त्याने घट्ट बसतं, पण तुरटीने कागदात आम्ल येतं आणि वीस वर्षांनी चित्र पिवळं पडलेलं मला चालणार नाही. एका हाताने ठिपके कमी झाले, गेले नाहीत. दोन हातांनी गेले. चार टक्क्यांचं दाट द्रावण करून पाहिलं, तर रंग काचेवरच्या पाण्यासारखा घरंगळला.

आणि मग काल रात्री तो वॉश. मी दिवा लावून अर्धा तास नुसती बघत बसले होते.

बाकीच्यांबद्दल थोडं. 'अर्धा खोपा' झाला आणि तो चांगला झालाय. सुगरण नर टोपीच्या आकाराएवढं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, तिला पटलं तरच पुढचं काम होतं, नाहीतर ते तसंच लोंबत राहतं. मागे आपल्याकडच्या अर्ध्या राहिलेल्या इमारतींचे नुसते खांब घेतलेत. दोन्हीकडे तोच पिवळा ऑकर. 'मगर उन्हात' मात्र परत करणार. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत आल्या तेव्हा आम्ही गच्चीवरून पाणी बघत होतो. ती भीती चित्रात आहे, पण मगरीची बाजू नाही. नदीकाठी ती जबडा उघडा ठेवून पडते ती अंगातली उष्णता कमी करायला, आणि माझ्या चित्रात ती चावायला आल्यासारखी दिसते. हे तिच्यावर अन्याय करणारं आहे.

कीर्ती मंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या इथल्या स्मारकातही पुन्हा जाऊन आले. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेल्या त्या भिंतींपैकी गंगावतरणासमोर उभी राहिले. वरून खाली येणारी गोष्ट कशी बसवायची, हे तिथे शिकायला मिळतं. माझ्या पारंब्या सगळ्या सारख्या अंतरावर लोंबत होत्या, पडद्यासारख्या. आता तीन जवळ, एक लांब, आणि टेकणारी एकटी.

हे लिहिता लिहिता एक सुचलं म्हणून उठून करून आले, म्हणून वरच्या आणि या परिच्छेदात पाऊण तासाचं अंतर आहे. सगळ्या कागदाला जिलेटिन कशाला? जिथे पारंब्या हव्यात तेवढ्याच आकारात लावलं तर? खराब कागदाच्या तुकड्यावर तीन पारंब्या जिलेटिनने काढल्या, हेअर ड्रायरने वाळवल्या, मग सगळ्यावर गडद वॉश. वाळल्यावर ओल्या ब्रशने पुसलं. बाहेरचा रंग तंतूंत शिरलेला, हलत नाही. जिलेटिनवरचा रंग वर बसलेला, अलगद उचलला जातो. काळोखातून पारंब्या फिकट होऊन वर आल्या! मास्किंग फ्लुइडची (रंग लागू नये म्हणून आधी लावतात ते रबरी द्रव) ती कापलेली कडा नाही, कडा थोडी मऊ, खरी. एक मात्र, थॅलो निळा किंवा प्रशियन निळा यात घालू नका, तो डाग धरतो आणि निघत नाही.

म्हणजे बाद म्हणून बाजूला ठेवलेले अकरा कागद आता बाद नाहीत. 'टेकलेली पारंबी' दोन हात दिलेल्या चांगल्या कागदावरच होईल, तो बेत पक्का. पण त्याच्या शेजारी एक नवीन चित्र येतंय: सोसायटीच्या फाटकाजवळचा वड, खाली पेव्हर ब्लॉक. तिथल्या पारंब्या फरशीपर्यंत येतात, टोक फरशीवर वळतं आणि वाळतं. माती कुठेच नाही. सासूबाईंना स्केच दाखवलं तर त्यांनी बोटाने त्या वळलेल्या टोकाला हात लावला आणि विचारलं, "दोन फरश्यांच्या मधे फट नाही का गं ठेवलीस?" फट ठेवणार आहे. चोवीसचे पंचवीस झाले.

अडलंय ते एवढंच: पारंबीचं टोक दोन मिलिमीटरचं, तिथे जिलेटिन लावायला रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश, घेतला तर दहा मिनिटांत त्याचे केस चिकटून काडी होते. बांबूचं बोरू चालेल का? कोणी लावून पाहिलं असेल तर रविवारच्या आत सांगा, सोमवारी कागद ताणायला घेतेय.