मासळीचा वास येणारा टीव्ही

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कशाकशाचा वास येत नाही! सुकी सुंगटं, चोरीस, अबोलीच्या फाती. अशा ठिकाणी जुन्या सामानाच्या ढिगातून उचललेल्या खिशातल्या टीव्हीला मासळीचा वास आला, तर दोष शेजारच्या टोपलीला दिला जातो. पण १९९०च्या आसपासचा छोटा एलसीडी टीव्ही असेल, तर वास त्याचा स्वतःचा असतो. त्यातले बोर्डावर चिकटवलेले बारके कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, फुटून पातळ रसायन बाहेर येतं आणि तांब्याच्या रेषा खात बसतं. तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवलं की वास दुप्पट होतो. म्हणून जुना टीव्ही घेताना आधी हुंगावा. चालतो की नाही, हे मागाहून बघावं.

किंबहुना बाजारात चालू करून बघूच नये. विकणारा हाताला लागेल तो अ‍ॅडॉप्टर खुपसतो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या पाच इंची संचांत पिनच्या मधल्या भागाला बऱ्याचदा ऋण टोक असतं, आजच्या अ‍ॅडॉप्टरना धन. पाठीमागे खुणेचं चित्र छापलेलं असतं, ते भिंगाखाली वाचावं. आत उलटी वीज अडवणारा डायोड नसेल तर एका क्षणात कारभार आटोपतो. १२ व्होल्टवर हा संच साधारण एक अँपिअर ओढतो. करंटची मर्यादा दीड अँपिअरला बांधता येणारा सप्लाय असेल तर उत्तम.

गोव्यात हे टीव्ही दोन वाटांनी आले: आखातातून, आणि बोटीवर काम करणाऱ्यांच्या ट्रंकेतून. आखातातले इथे निमूट चालले, कारण दोन्हीकडे प्रक्षेपणाची पद्धत एकच होती, पाल-बी: ६२५ रेषा, चित्रापासून साडेपाच मेगाहर्ट्झवर आवाज. इंग्लंडहून आलेला चित्र दाखवतो पण मुका राहतो, तिथे आवाज सहा मेगाहर्ट्झवर असायचा. अमेरिकेकडचा ५२५ रेषांचा. होल्डचं बटण फिरवून त्याचं चित्र कसंबसं थांबवता येतं, पण साडेचार मेगाहर्ट्झच्या सर्किटला आपला आवाज सापडत नाही. साधनं नसतील तर हे दोन्ही घेऊ नयेत.

चवथीआधी माळा साफ होतो तेव्हा असा संच खाली येतो, आणि नेमका तेव्हा पाऊस असतो. दमट संच लगेच जोडायचा नाही. दोन दिवस बल्ब लावलेल्या कपाटात ठेवायचा. तोवर बॅटरीचं झाकण उघडावं: नऊ-दहा जाडे सेल, वर्षानुवर्षं विसरलेले. साध्या सेलचा तपकिरी चिकट गळ आम्ल असतो, त्याला पाण्यात कालवलेला खायचा सोडा. अल्कलाइनचा पांढरा कडक थर असेल तर व्हिनेगर. माडाचं चालतं, पण ते सोरपोतेलात शोभतं. इथे साधं पांढरं पुरे. नंतर ओल्या फडक्याने पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात.

संच सुरू झाला की कान द्यावा. १५,६२५ हर्ट्झची बारीक शीळ ऐकू यायला हवी. वय झालेल्यांना ती ऐकू येत नाही, घरातल्या पोराला विचारावं. शीळ आहे पण पडदा काळा, तर पिक्चर ट्यूबच्या मानेत फिलामेंट, म्हणजे तापणारी तार, पेटलंय का बघावं. शीळच नाही, तर दोष आडव्या स्कॅनचा, म्हणजे किरण पडद्यावर आडवा फिरवणाऱ्या भागाचा. आणि चर्र चर्र आवाजासोबत वीज पडल्यानंतर येतो तसा तिखट वास आला, तर लगेच बंद. तो ओझोन. ट्यूबच्या रबरी टोपीभोवती खाऱ्या धुळीचा थर बसलाय, आणि पाच-सहा हजार व्होल्ट त्यावरून वाट काढताहेत. समुद्राकाठच्या घरांतल्या संचांचा हा नेहमीचाच आजार.

साफ करण्याआधी ट्यूबमध्ये साठलेला चार्ज रिकामा करायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरला क्लिपची वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबवरच्या काळ्या लेपाला टेकलेल्या जाळीदार तारेला लावावं. मग टोक टोपीखाली सरकवायचं, दुसरा हात पाठीमागे. दोन मिनिटांनी पुन्हा तेच, कारण काच थोडा चार्ज परत गोळा करते. या कामात एकदा झालं म्हणून झालं असं समजणारा माणूस धोकादायक.

चित्र वर-खाली आक्रसलं असेल तर संशय उभ्या स्कॅनच्या आउटपुट कपॅसिटरवर, बहुधा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा. नवा १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारा, व्होल्ट तितकेच किंवा वरचे, ध्रुव नीट पाहून. मात्र योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या वेटोळ्यांच्या, वाटेतला बायपोलर (धन-ऋण टोकं नसलेला) कपॅसिटर साध्याने बदलायचा नाही. तो तापतो आणि फुटतो. पडद्यावर नुसती एक आडवी रेघ उरली तर आधी ब्राइटनेस उतरवा, नाहीतर ती रेघ फॉस्फरमध्ये, म्हणजे पडद्याच्या चमकणाऱ्या लेपात, कायमची कोरली जाते. थाप मारल्यावर सुधारणारा संच म्हणजे सुटलेलं सोल्डर: फ्लायबॅकच्या (हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पिनांभोवती भिंगातून बारीक काळी कडी दिसते. तिथे ताजं सोल्डर घालावं.

आता लावायचं काय? दूरदर्शनची अ‍ॅनालॉग प्रक्षेपणं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी थांबली, अँटेना लांब केली तरी मुंग्याच. सेट-टॉप बॉक्सच्या पुढे आरएफ मॉड्युलेटर, म्हणजे बॉक्सच्या सिग्नलचं जुन्या टीव्हीला पकडता येईल असं चॅनेल करणारा डबा, लावावा, पाल-बी/जीवर ठेवून, आणि बॉक्स ४:३ वर; नाहीतर माणसं बारीक आणि उंच दिसतात. बातम्यांची पट्टी पाच इंचांत वाचता येत नाही, फुटबॉलचा चेंडू दोन-तीन ठिपक्यांचा होतो, आणि तिसऱ्या माणसाचं डोकं मध्ये आलं की सामना संपला.

पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पांढरं करण्याच्या नादी लागू नये, कडक होऊन तडकतं. बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब. संचातलाच रेडिओ मात्र बहुतेकदा ट्यूब सुधारायच्या आधीच बोलू लागतो, आणि कपॅसिटर येईपर्यंत त्याच्यावर आकाशवाणी पणजी लावून ठेवता येतं.