पत्रिकेची चौकट सैल का पडते : माझा अनुभव

काम ऐकायला किरकोळ होतं. लग्नपत्रिका बनवायच्या एका वेबसाइटवर लोक मजकूर टाइप करतात, त्याभोवती सोनेरी चौकट येते आणि ती मजकुराला लागून बसली पाहिजे. म्हणजे मजकूर पडद्यावर किती पिक्सेल रुंद दिसतोय, एवढं कळलं की झालं. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ एवढी एकच ओळ असेल, तर कॅनव्हासचं (ब्राउझरमधल्या चित्र काढायच्या फळ्याचं) मेझरटेक्स्ट हे फंक्शन लगेच रुंदी सांगतं. मजकुरात एंटर आला की मात्र त्याला तो साधी स्पेस वाटतो, सगळं एका रांगेत धरून भलामोठा आकडा देतं. एंटरवर तुकडे करून सगळ्यात रुंद ओळ घेतली की तो प्रश्न मिटतो.

डोकं उठलं ते आपोआप मोडणाऱ्या ओळींनी. चौकटीची कमाल रुंदी ३०० पिक्सेल ठेवली होती. ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ हे त्यात एका ओळीत मावणार नाही, दोन-तीन ओळी होणार, हे ठीकच. पण ओळी मोडल्यावर सगळ्यात रुंद ओळ समजा २३० पिक्सेलची झाली, तरी चौकट ३००चीच! डिझायनरचा स्क्रीनशॉट ठरलेला: ‘अरे, दोन्ही बाजूंना एवढी मोकळी जागा का सोडलीयेस?’ मी कुठे सोडतोय? ब्राउझर सोडतोय. चौकट मजकुराइतकी आक्रसावी म्हणून सीएसएसमधलं (पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषेतलं) फिट-कंटेंट लावून पाहिलं, इनलाइन-ब्लॉक करून पाहिलं, फ्लोटसुद्धा. चौकट ढिम्म. ओळी सारख्या लांबीच्या करणारं टेक्स्ट-रॅप बॅलन्स लावल्यावर तर आतला मजकूर आणखी अंग चोरून बसला आणि मोकळी जागा वाढली.

याला बग म्हणायची सोय नाही, हे जास्त चीड आणणारं. सीएसएसच्या २.१ या जुन्या आवृत्तीच्या नियमांतच हिशेब लिहून ठेवलाय: मजकूर न मोडता किती रुंद होईल ते बघा, उपलब्ध जागा किती ते बघा, दोन्हीतलं कमी ते घ्या. (एखादा शब्दच जागेपेक्षा रुंद असेल तर गोष्ट वेगळी.) रुंदी आधी ठरते, ओळी नंतर मोडतात, आणि मोडून झाल्यावर मागे वळून रुंदी कोणी तपासत नाही. मापं घेण्याआधी सदरा शिवून मोकळं होणाऱ्या शिंप्यासारखं. इंग्रजी नमुना मजकुरात शब्द आखूड, त्यामुळे फट फारशी दिसत नाही. आपल्याकडे ‘शुभाशीर्वाद’ मावला नाही की अख्खा खालच्या ओळीत जातो आणि वर भलं मोठं भगदाड.

त्यामुळे चौकटीची रुंदी विचारण्यात अर्थच नाही, मजकुराची विचारायची. त्यासाठी ब्राउझरमध्ये रेंज आहे, म्हणजे पानातल्या मजकुराचा निवडलेला भाग. क्रिएटरेंजने रेंज बनवा, ती टेक्स्ट नोडवर (पानाच्या रचनेतल्या नुसत्या मजकुराच्या तुकड्यावर) लावा आणि गेटक्लायंटरेक्ट्स मागा. ओळींचे प्रत्यक्ष आयत मिळतात. त्यातली सगळ्यात डावी कड आणि सगळ्यात उजवी कड यांतलं अंतर ही खरी रुंदी. रेंजमध्ये एखादा ब्लॉक एलिमेंट (मजकुराभोवतीचा डबा) अख्खा सापडला, तर त्याचाही आयत यादीत येतो आणि पुन्हा तेच ३००. म्हणून फक्त टेक्स्ट नोड धरा. हे चाललं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून चहा मागवला.

मिळालेली रुंदी वरच्या पूर्णांकात न्या आणि चौकटीला द्या. २२७.३४ला २२७ केलंत तर शेवटचा शब्द खाली पडतो आणि आणखी एक ओळ वाढते. ग्राहकाने मजकूर बदलला की आधी जुनी रुंदी काढून टाका, मग मोजा. एडिटरला झूम असेल आणि तो सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने (दिसणारा आकार लहानमोठा करून) केला असेल, तर आयत झूमसकट मिळतात. ५० टक्क्यांवर निम्मी रुंदी येईल, ती भागून घ्या.

कुणी सांगेल, कॅनव्हासवरच ओळी मोडा. मोडा, पण शब्द अख्खा मोजा. अक्षरं सुटी मोजून बेरीज करायचा उद्योग देवनागरीत चालत नाही. ‘मुहूर्त’मधला ‘र्त’ म्हणजे र, हलन्त आणि त. सुटे मोजले तर र स्वतःची जागा मागतो, एकत्र आले की तो रफार होऊन त च्या डोक्यावर बसतो. शिवाय या सगळ्या रुंद्या म्हणजे अक्षरांनी अडवलेली जागा. वेलांटीचा फराटा त्यापलीकडेही जाऊ शकतो, त्यामुळे चौकटीला आतून थोडं पॅडिंग (मोकळी जागा) ठेवाच.

आणि हो, फॉन्ट. आम्ही मुक्ता वापरतो. ती डाउनलोड व्हायच्या आत मोजलं तर ब्राउझरच्या पर्यायी फॉन्टची रुंदी मिळते, मग मुक्ता येते आणि चौकट चुकते. दुसऱ्यांदा पान उघडलं की फॉन्ट कॅशमध्ये (ब्राउझरच्या साठ्यात) असतो, सगळं बरोबर दिसतं आणि तक्रार करणारा ग्राहक खोटा वाटायला लागतो. डॉक्युमेंट.फॉन्ट्स.रेडी होईपर्यंत थांबा. फॉन्ट फक्त कॅनव्हासवरच असेल तर तो फॉन्ट्स.लोडने स्वतः मागवा, आणि तपासताना कॅश बंद ठेवा.