तुम्ही विचारलंत म्हणून: बसवता म्हणजे नेमकं काय करता?

"तुमच्या त्या कंटेम्पररी नाचात ना ताल ठरलेला, ना मुद्रा. मग तुम्ही बसवता तरी काय?" मी पहिल्यांदा स्वतःचा नाच बसवला तेव्हापासून हा प्रश्न सुटलेला नाही. कुणी खरंच कुतूहलाने विचारतं, कुणी 'काहीही करता आणि त्याला कला म्हणता' अशा सुरात. दोघांनाही उत्तर एकच आहे, फक्त ते जरा लांबतं.

पहिल्या तालमीला मी वही घेऊन गेले होते. दहा-बारा वर्षं दुसऱ्यांच्या रचनांत नाचले होते, पण कुणाच्या अंगावर काही बसवलं नव्हतं. वहीत आठ-आठ काउंटांत, म्हणजे मोजलेल्या ठोक्यांत, चौदा मिनिटं लिहिलेली, बाण काढलेले, नर्तकांच्या जागी चार गोल. सगळं एकटीने नाचून ठरवलेलं. त्यातली दोन मिनिटं शिकवण्यात तीन तास गेले आणि मागे सरून बघितलं तर समोर चार मी होते. चारही माझ्यापेक्षा वाईट.

कारण कळायला आठवडा लागला. वहीतल्या सगळ्या गिरक्या उजवीकडे होत्या. मी उजवीकडे वळणारी, त्यामुळे दुसरी बाजू असते हेच लिहिताना सुचलं नव्हतं. चौघांतली एक मुलगी डावीकडे वळणारी. ती बिचारी प्रत्येक गिरकीआधी क्षणभर अडखळायची आणि मी तिला "उशीर होतोय" म्हणून टोकत होते. जमिनीवरून उठण्याची एक जागा वहीत चार काउंटांची होती. माझे पाय आखूड आहेत, मला जमायचं. आमच्यातल्या सगळ्यात उंच मुलाला गुडघा पोटाखाली ओढून घ्यायलाच दोन काउंट लागायचे. मी नाच नव्हता लिहिला, स्वतःच्या शरीराच्या सवयी लिहिल्या होत्या.

तिसऱ्या आठवड्यात वही पिशवीत गेली. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, दुसरं काही सुचत नव्हतं इतकंच. जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश तालमीत नर्तकांना प्रश्न विचारत आणि मिळालेल्या उत्तरांतून रचना उभी करत, हे मला ठाऊक होतं. पण समोर घामेजलेली चार माणसं बसलेली असताना नेमकं काय विचारावं हे त्या माहितीतून येत नाही. मी प्रश्नाऐवजी एक अट घातली. चौघांपैकी कुणा एकाचा तरी तळवा कायम जमिनीला टेकलेला हवा. बोलायचं नाही, आधी ठरवायचं नाही.

पहिली वीस मिनिटं इतकी कंटाळवाणी की मी घड्याळ बघत होते. मग हात टेकून बसलेला उंच मुलगा दमला. त्याने बोटं एकेक करून सोडवली, सगळ्यात शेवटी अंगठा. पलीकडच्या कोपऱ्यात ती डावीकडे वळणारी मुलगी गिरकीत होती. तिने ते बघितलं, गिरकी अर्ध्यात मोडली, खाली आली आणि तिचा तळवा लाकडी फरशीवर फट्कन वाजला. बाकीच्या दोघांच्या माना एकदम वळल्या. तेवढ्या पाच सेकंदांसाठी मी चौदा मिनिटं फेकून द्यायला तयार होते. पुढे जवळपास तसंच झालं.

पण सापडलेलं दुसऱ्या दिवशी सापडेना. मोबाइलवर व्हिडिओ होता, त्यावरून सगळ्यांनी आपापली हालचाल बरोबर उचलली. अंगठा शेवटी सुटला, तळवा वाजला. आणि सगळं मेलेलं. तिला हात उचलला जाणार हे पाठ होतं, मग ती बघेल कशाला? दोन दिवस माझी चिडचिड झाली. शेवटी काउंट काढून टाकले. कुणानंतर कोण आणि कुठली हालचाल, हे पक्कं ठेवलं. कधी, ते मोकळं. समोरच्याचा अंगठा सुटला की तुझी पाळी, आणि तो कधी सुटेल हे त्याचं त्यालाही आधी माहीत नसे. आता बघावंच लागे.

संगीत शेवटच्या दहा दिवसांत आणलं. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज नाच आणि संगीत वेगवेगळं रचत, नर्तकांच्या कानावर संगीत पुष्कळदा पहिल्या प्रयोगातच पडे. माझी तेवढी छाती नव्हती, पण ते तसं का करत हे पहिल्याच दिवशी कळलं. ठेका सुरू झाला आणि तळवे ठेक्यावर पडायला लागले. एकमेकांकडे बघणं बंद, सगळ्यांचे कान स्पीकरकडे. ठेका काढला, खालचा एक लांब घरघरता सूर तेवढा ठेवला. चौदाची नऊ मिनिटं झाली होती. वहीतली त्यात चाळीस सेकंद असतील, तीही मला आवडतात म्हणून मी सोडली नाहीत.

प्रयोगाच्या आदल्या आठवड्यातली एक तालीम सांगते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला उंच मुलाचा अंगठा सुटला आणि नेमकं कुणाचंच लक्ष नव्हतं. चौघांचे आठही हात हवेत. बघायला आलेल्या मैत्रिणीला काही कळलं नाही, तिला ते छानच वाटलं. मी तोंड उघडायच्या आत चौघं जागच्या जागी थांबले होते.

"गेलं," डावीकडे वळणारी म्हणाली. "पहिल्यापासून घेऊ."